गोधडीला लागलेला वास

आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी खोली आनंदी परबची. नव्या माणसाला पत्ता सांगावा लागत नसे. नाकाने जायचं. पहिल्या मजल्याच्या वळणावर फिनेलचा वास सुरू व्हायचा, गॅलरीत पाऊल टाकलं की त्यात डांबरगोळ्यांचा मिसळायचा, आणि जिथे डोळ्यांतून पाणी यायला लागेल ते परबांचं दार. शेजारचे दत्ताराम म्हणायचे, "परबीणकाकीकडे झुरळ आलंच, तर बिचाऱ्याला आधी मास्क द्यायला लागेल." ती आतून ओरडायची, "तुमच्याकडचाच असतला ता! माझ्या घरात जन्मलेला नाय."

मी त्याच मजल्यावर, तीन दारं पलीकडे. परळच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून चाळीत सगळे मला बाई म्हणतात. आनंदी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी तिला नावाने हाक मारते आणि वेळ पडली की झापते. तीही ऐकून घेते आणि मग स्वतःला हवं तेच करते. निदान पूर्वी करायची.

ती कुडाळजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. नवरा गणपत गिरणीत मागाचे साचे चालवायचा. दोन वर्षांनी मुलगी झाली, मनू. साडेचार महिन्यांची होती. जुलाब लागले आणि दोन दिवसांत गेली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सर्टिफिकेटवर सही करता करता आनंदीला सांगितलं, "घर स्वच्छ ठेवत जा." मी तिथे होते. घर स्वच्छच होतं. नळाचं पाणी गढूळ येत होतं त्या आठवड्यात, चाळीत आणखी तीन पोरं आजारी होती. पण हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. एकवीस वर्षांची पोर, तिने डॉक्टरचं तेवढं एकच वाक्य घेतलं आणि त्या दिवसापासून जी घासायला बसली ती उठली नाही.

पुढे अकरा-बारा वर्षं कूस उजवली नाही. मग सुशांत झाला. त्याला ती रांगू देत नसे. फरशी फिनेलने पुसून, मग डेटॉलने पुसून, मग त्यावर चटई, चटईवर चादर, चादरीवर सुशांत. तो जगला, धडधाकट झाला. तिच्या दृष्टीने सिद्धच झालं की नाही? मी वर्गात पोरांना सांगायचे, एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. तिला कोण सांगणार.

आमचे संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून चार. धुण्याची पाळी ठरलेली, दर घराला एक दिवस. आनंदीला दुसऱ्यांचं धुणं पटायचं नाही. "पाणी वतला म्हंजे धुतला?" असं म्हणत ती दुसऱ्यांच्या पाळीच्या दिवशीही बादली घेऊन जायची. लोकांनी काय करावं? लोकांनी धुणं सोडलं. पंधरा-वीस वर्षं आमच्या मजल्याचे संडास एकट्या आनंदीने धुतले, आणि आम्ही बाहेरच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत राहिलो की आमची चाळ जुनी असेल, पण संडास बघा.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, तिने तिथे ब्लीचिंग पावडर टाकली आणि वर ॲसिडची बाटली ओतली. म्हणजे नेहमी एकच काहीतरी वापरायची, त्या दिवशी तिला डाग जात नाहीत असं वाटलं. दार लावून आत घासत बसली. दत्तारामांनी खोकला ऐकला म्हणून बरं. बाहेर ओढली तेव्हा ओठ निळे पडले होते. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य काय? "डाग गेलो काय बघा."

मी तिला गॅलरीतच, सगळ्यांदेखत झापलं. "आनंदी, तो क्लोरीन होता. पहिल्या महायुद्धात तो माणसं मारायला सोडत होते. कळतंय का तुला काही?"

"माझा काय, मी म्हातारी."

"तू म्हातारी. आणि आत रुपाली आहे ती?"

रुपाली म्हणजे सुशांतची बायको. दादरला साड्यांच्या दुकानात काम करायची. तेव्हा तिला सहावा महिना होता. तिची आई लहानपणीच गेलेली, काळाचौकीला माहेरी फक्त वडील. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं ठरलं होतं आणि आनंदीच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. रुपालीचं नाव काढलं तशी ती नरमली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेली माणसां. तुम्हीच येऊन सांगा, काय ठेवू नि काय टाकू."

मी गेले. मला असल्या कामाचा उत्साह आहे, लपवत नाही. मोरीखालून ॲसिड निघालं. भिंतीच्या कडेने झुरळांच्या खडूच्या रेघा, एकावर एक, रांगोळी काढावी तशा. पलंगाखाली ढेकणांचं औषध, बाटलीवर नाव नाही, गाव नाही. देव्हाऱ्याशेजारी फवारा. मी एकेक वस्तू पिशवीत टाकत होते आणि ती प्रत्येक वस्तूला सोडवायला वकिलासारखी उभी.

"ह्या तरी असू दे. ह्याका वास बरो येता."

"वास येतो तेच वाईट. स्वच्छ घराला वास नसतो."

"वास नाय तर साफ झाला ता कळतला कसा?"

साबण, गरम पाणी, ब्रश, उघडी खिडकी. एवढंच ठेवलं. पंधरा दिवस ती रुसून होती. घर 'आजारी वाटता' म्हणायची. पण पाळलं तिने. फिनेलसुद्धा सोडलं. दत्ताराम एकदा चुकून तिचं दार ओलांडून पुढे गेले, म्हणाले, "काकी, पाटी लावा आता. घर सापडत नाही."

जूनमध्ये सुशांतने माळ्यावरून पेटी उतरवली. पत्र्याची, हिरवी, वर पांढऱ्या रंगात 'ग. रा. परब'. आनंदीने मला मुद्दाम बोलावलं. पेटीत सुशांतची बाळपणीची अंगडी, टोपडी, दुपटी आणि एक गोधडी. तिने स्वतः शिवलेली, आईच्या जुन्या लुगड्याची, बोटभर अंतरावर धावदोरा. बत्तीस वर्षं जपलेली. आमच्यात बाळाला पहिले दिवस नवं कापड घालत नाहीत. जुनं हवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि जगल्या-वाढल्या मुलाचं हवं. मनूचं तिने काही ठेवलं नव्हतं.

कपड्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या होत्या. दर वर्षी दिवाळीआधी ती नव्या घालायची. त्यातल्या काही झिजून हरभऱ्याएवढ्या झाल्या होत्या.

"ह्या पण टाकायच्या काय?" तिने विचारलं. खरंच विचारलं. ओंजळीत घेऊन माझ्यासमोर धरल्या.

माझा कुकर लावायचा राहिला होता. मी म्हटलं, "त्या असू देत गं. बंद पेटीत आहेत, कुठे जातात?"

आठवीच्या वर्गाला मी एकतीस वर्षं संप्लवन शिकवलं. स्थायू न वितळता सरळ वायू होतो. उदाहरण कुठलं द्यायचे? कपाटातली डांबरगोळी. "लहान लहान होत जाते, मुलांनो. मग ती जाते कुठे?" मागच्या बाकावरचं पोरसुद्धा ओरडायचं, "हवेत, बाई!"

आनंदीने कपडे धुतले. गरम पाण्याने, दोनदा. पण पावसाळ्याचे दिवस, गॅलरीत चार-चार दिवस सुकेनात, कुबट वास यायला लागला. मग तिने अर्धवट ओले ते पंख्याखाली वाळवले आणि बाळ येईपर्यंत पुन्हा पेटीत भरले. पावसाळ्यात कपड्यांना कसर लागते, म्हणून नव्या डांबरगोळ्यांचा आख्खा पुडा घातला. गोधडी जाड, ती धुतलीच नाही. बाईंनी सांगितलंच होतं, असू देत.

मुलगा झाला. सव्वातीन किलो. तिसऱ्या दिवशी घरी आणला. आनंदीने त्याला पेटीतलं अंगडं घातलं, टोपडं बांधलं, गोधडीत गुंडाळला आणि गॅलरीभर फिरून दाखवला. मीही घेतला मांडीवर. गोधडीला तो वास येत होता. आमच्या सगळ्यांच्या लहानपणाचा वास आहे तो, सणाला कपाट उघडल्याचा. मला तर बरं वाटलं. तीन महिन्यांनी परबांच्या घराला परबांच्या घराचा वास.

पाचव्या दिवशी बाळ पिवळं दिसलं. चाळीत सल्ल्यांना तोटा नाही. "सगळ्याच बाळांना होतं." "कोवळ्या उन्हात धरा." जुलैच्या लालबागमध्ये कोवळं ऊन कुठून आणायचं? ऊन नाही, तर निदान ऊब मिळावी म्हणून आनंदीने त्याला गोधडी आणखी घट्ट लपेटली. मी तिला "डॉक्टरला दाखव" म्हटलं, पण म्हटलं ते जाता जाता. सहाव्या दिवशी दुपारी बाळ दूध ओढेना. रडणं बारीक, चिरकं, मांजरीसारखं. दुपट्यावर लघवीचा डाग पडला तो काळ्या चहासारखा. रुपाली तो डाग घेऊन माझ्या दारात आली. मग टॅक्सी. सुशांत पुढे, मागे आम्ही तिघी.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण मुलगी होती. बाळाला आत घेतलं, रक्त पाठवलं, परत आली. आनंदीच्या हातातली गोधडी तिने मागितली आणि नाकाजवळ नेली.

"आजी, ही कुठे ठेवली होती?"

आनंदीला वाटलं कौतुक चाललंय. तेवढ्या काळजीतही तिचा चेहरा उजळला. "पेटयेत. बत्तीस वर्षां जपली. एक कसर लागूक नाय दिली. दर वर्षाक नव्या डांबरगोळ्यो घालतंय."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला लागले.

तिने समजावून सांगितलं, चांगलं सांगितलं. काही मुलांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. एरवी कळतही नाही. पण डांबरगोळीची वाफ अंगात गेली, श्वासातून, कातडीतून, की तांबड्या पेशी फुटायला लागतात. मोठ्यांना सोसतं. आठवड्याच्या बाळाचं यकृत कोवळं, कावीळ झपाट्याने चढते आणि मेंदूपर्यंत जाते. "रक्त बदलावं लागेल," ती म्हणाली. "लगेच."

दोनदा बदललं. एकोणीस दिवस बाळ काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली. बारसं तिथेच राहिलं. नाव कागदावर लिहावं लागतं म्हणून सुशांतने ध्रुव लिहून दिलं.

त्या एकोणीस दिवसांत आनंदी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून होती. मी डबा घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, मनूच्या वेळेक घर घाण होता म्हणून गेली ना?"

मी म्हटलं, "नाही. पाणी घाण होतं. घर स्वच्छ होतं तुझं."

चव्वेचाळीस वर्षांनी सांगितलं मी तिला हे. तिने मान हलवली. मग विचारलं, "आणि आता? आता साफ होता म्हणून?"

"डांबरगोळ्या राहू देत असं मी सांगितलं होतं तुला," मी म्हटलं. "चूक माझी आहे." मला वाटलं होतं, ती ओरडेल, निदान उठून जाईल. मला ते हवंही होतं. पण तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "तुम्ही काय करतलास. पेटी माझी होती."

ते एन्झाइमचं आईकडून मुलाकडे येतं. डॉक्टरने हे सुशांतला आणि आनंदीला सांगितलं तेव्हा रुपाली आत दूध काढून देत होती. आनंदीने मुलाला तिथेच शपथ घातली. "तिका सांगू नको. तिका वाटात, आपल्या रक्तातला. लोकांका सांग, आजयेन केला." आणि खरंच, चाळीत जो विचारील त्याला ती स्वतःच सांगत सुटली. "माझ्या गोधडीन झाला." मला हे पटेना. मी तिला बजावलं, पुढचं मूल होईल, औषधं असतात काही जी चालत नाहीत, रुपालीला माहीत असायलाच हवं. ती नुसती हात जोडायची.

शेवटी मीच रुपालीला गाठलं, गॅलरीत, दोरीवरचे कपडे काढत होती. मी सुरुवात केली तेवढ्यात तिने थांबवलं. "माहितेय बाई मला. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय की. नको त्या औषधांची लिस्ट माझ्या पर्समध्ये असते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईंना सांगू नका. त्यांना वाटतं त्यांनी लपवलंय. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

तिने सासूला एका शब्दाने कधी दुखावलं नाही. पण बाळ कोणाच्याही हातात देताना आधी त्या माणसाच्या खांद्याचा वास घेते. आनंदीच्याही. ती मुद्दाम घेत नाही, आपोआप होतं तिच्याकडून. आनंदी तेवढा वेळ मान वळवून उभी राहते.

ध्रुव घरी आला आणि पंधरा-वीस दिवसांत गणपती आले. लालबागला गणपती येतात म्हणजे काय, ते मी सांगायला नको. ढोल-ताशे, फटाके, खिडक्यांच्या काचा हलतात. चाळीतली सगळी तान्ही पोरं दचकून किंचाळत होती, आया कानांवर हात ठेवून फिरत होत्या. ध्रुव पाळण्यात झोपला होता. खाली ताशा तडतडतोय आणि हा शांत. बायका म्हणाल्या, "काय गुणी पोर आहे! बाप्पाच पावला." आनंदी हसली. मग हसता हसता थांबली. तिने पाळण्याजवळ जाऊन एक टाळी वाजवली. मग आणखी एक. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी शिकलेली, मी काहीतरी सांगावं म्हणून बघत राहिली.

तपासण्या झाल्या. काविळीने कानाच्या शिरेला इजा झाली आहे. यंत्र लावलं, ते तो ओरबाडून काढतो. डॉक्टर म्हणतात, कधी कधी शीर थोडी सुधारते, कधी नाही. पुढे ऑपरेशनचा विचार करता येईल, आधी आणखी तपासण्या. आता दोन वर्षांचा होईल. चालतो, उशिरा पण चालतो. डोळे मात्र टपोरे, सगळीकडे असतात.

आनंदीचं घासणं आता नुसत्या पाण्याने असतं. साबणालाही वास असतो म्हणून त्याला ती भिते. ध्रुवचा एकेक कपडा पाच-सहा पाण्यांतून काढते, आणि वाळला की माझ्याकडे घेऊन येते. स्वतःच्या नाकावर तिचा विश्वास राहिला नाही. तिला सगळीकडे तोच वास येतो, भातालासुद्धा.

"बाई, वास येता काय बघा."

"नाही येत."

"नीट बघा."

"आनंदी, नाही येत. कशालाच वास नाही."

ती कपडा स्वतःच्या नाकाशी नेते, मान हलवते आणि परत बादलीत टाकते. पेटी भंगारवाल्याला दिली. गोधडी मात्र कोणाला देणार, टाकणार कुठे? कोणाच्या तरी बाळाच्या अंगावर जाईल म्हणून तिने ती फाडली, बसून, एकेक टाका उसवून. आईच्या लुगड्याचे तुकडे मग पाण्यात भिजवून ठेवले. बरेच दिवस मोरीत ती बादली होती. पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

मी आता कोणाला सल्ला देत नाही. चाळीत कुणी विचारलंच, तर डांबरगोळ्यांचं तेवढं सांगते. लोक म्हणतात, "अहो बाई, आमच्या आजीच्या काळापासून ठेवतोय, कोणाला काही झालं नाही." खरंच झालं नाही त्यांना. संडास आता पुन्हा पाळीने धुतात आणि पुन्हा घाण असतात.

रोज सकाळी रुपाली कामावर गेली की आनंदी ध्रुवला गॅलरीत पाटावर बसवते आणि मागे उभी राहून स्टीलच्या ताटावर पळी मारते. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तिचंच आहे हे. आजही मारली. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. ध्रुव वळला. सरळ तिच्याकडे बघितलं त्याने.

"बाई! वळलो! बघितलास?"

मी बघितलं होतं. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं, आणि पळी उचललेल्या हाताची सावली त्याच्या पुढ्यातल्या फरशीवर पडली होती. मी तांदळातला खडा शोधत राहिले. एकदा तरी मला गप्प बसायचं होतं.

तीच खाली बघत थांबली. सावली तिलाही दिसली. "थांबा," म्हणाली, "ऊन मागसून इला. परत वाजवतंय." पाट उचलून तिने त्याला भिंतीकडे, सावलीत नेऊन बसवलं. दोन पावलं मागे सरकली. ताट वाजलं. दत्ताराम दारातून डोकावले, समोरच्या गॅलरीतल्या कावळ्याने उडी मारली. ध्रुव पाटाच्या कडेवरून बोट फिरवत होता. तिने पुन्हा वाजवलं.